पापुअन भाषेत बायबल आणायला इतकी वर्षं का लागतात?

तुम्ही विचारलंय की पापुआ न्यू गिनीतल्या काही हजार लोकांच्या भाषेत बायबल आणायला पंधरा-वीस वर्षं कशी लागतात, आणि तिथे टोक पिसिन ही इंग्रजीवरून घडलेली सामाईक भाषा सर्रास चालत असताना हा खटाटोप कशाला. मी ख्रिस्ती नाही, पण पापुअन भाषांची व्याकरणं आवडीने वाचते, म्हणून लिहिते.

शब्द मिळतात हो. वेळ खातं ते वाक्य. मदांग प्रांताच्या डोंगरांतली कालम भाषा घ्या. तिच्यात क्रियापदांचे धातू जेमतेम शे-सव्वाशे. 'त्याने सरपण आणलं' एवढं सांगायला तिथे जाणं, लाकडावर मारणं, मोडणं, घेणं, येणं, ठेवणं अशी सगळी साखळी एका दमात येते. आपल्या 'जेवून निघाला'मध्ये दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असतो. कालममध्ये पुढे कर्ता बदलणार असेल तर तेही आधीच्या क्रियापदाच्या प्रत्ययातूनच कळवायचं.

शुभवर्तमानांतल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतल्या, गोष्टी या घडणीत छान बसतात, कारण तिथे कुणीतरी जातं, बोलतं, बरं होतं. अडतं ते बायबलमधल्या पौल या धर्मप्रचारकाच्या पत्रांपाशी. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात 3 ते 14 ही वचनं मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे, आणि त्यात मुक्ती, क्षमा, कृपा अशी नामं खच्चून भरलेली. प्रत्येक नाम सोडवून कुणी कुणासाठी काय केलं, आधी काय, नंतर काय, हे ठरवावं लागतं. ग्रीकने मोघम ठेवलेलं इथे मोघम ठेवता येत नाही. मग मसुदा न पाहिलेल्या गावकऱ्याला तो वाचून दाखवायचा, त्याला काय कळलं ते त्याच्याच तोंडून ऐकायचं, आणि चुकलं असेल तर पुन्हा लिहायचं. भाषेला लिपी नसेल तर त्याही आधी ती बसवायची.

टोक पिसिनमध्ये नवा करार 1969 मध्ये आला, संपूर्ण बायबल 1989 मध्ये. बाजारात, प्रवासात ती भाषा उत्तम चालते. पण चर्चमध्ये सगळ्यांसाठी एकच भाषा ठेवली की काय होतं ते पाहा: देशाच्या किनाऱ्यावरच्या फिन्शहाफेनच्या परिसरात लुथरन (प्रोटेस्टंट) मिशनऱ्यांनी काटे नावाची तिथली एक भाषा चर्चसाठी निवडली, तेव्हा शेजारच्या इतर भाषांच्या लोकांना प्रार्थनेसाठीही परकी भाषा शिकावी लागली. मला ते खटकतं. देशात आठशेच्या वर भाषा आहेत. ज्या भाषेला गंभीर प्रसंगी जागाच मिळत नाही, ती मुलांनी का धरून ठेवावी?

आता तिथलेच लोक प्रशिक्षण घेऊन हे काम करू लागले आहेत. भाषा शिकण्यात जाणारी सुरुवातीची वर्षं त्यांची वाचतात. पौलापाशी मात्र त्यांनाही थांबावं लागतं.