‘डीकॉलनायझिंग’ आणि ‘इंडिजिनायझिंग’: दोन्हींना ‘स्वदेशीकरण’ चालेल का?

प्रश्न असा आहे: आफ्रिकी विद्यापीठांतल्या समाजकार्य शिक्षणावरच्या एका लेखाचे भाषांतर चालू आहे. शीर्षकात ‘डीकॉलनायझिंग’ आणि ‘इंडिजिनायझिंग’ असे दोन शब्द जोडून आले आहेत. दोन्हींसाठी एकच ‘स्वदेशीकरण’ वापरावे का? आणि ‘सोशल वर्क’ला ‘समाजसेवा’ म्हणावे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ‘समाजकार्य’ म्हणा. आपल्याकडच्या महाविद्यालयांत व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, क्षेत्रकार्य हे शब्द रुळलेले आहेत, तेच घ्या. ‘समाजसेवा’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे हौसेने केलेले पुण्यकर्म येते. इथे विषय प्रशिक्षित व्यवसायाचा आहे.

आता मुख्य प्रश्न. ही दोन कामे वेगळी आहेत: पहिले वसाहतकाळाचा प्रभाव काढण्याचे, दुसरे शिक्षणाला स्थानिक आधार देण्याचे. म्हणून शब्दही दोन हवेत. ‘डीकॉलनायझेशन’ला इतिहासाच्या पुस्तकांत ‘निर्वसाहतीकरण’ आहे, पण तिथे त्याचा अर्थ सत्तांतर: १९५७ साली घाना, १९६३ साली केनिया. विद्यापीठांबद्दल लिहिताना नेमका तोच शब्द घातला, तर देश साठ वर्षांपूर्वीच स्वतंत्र झाला, मग आता कसले निर्वसाहतीकरण, असे वाचकाला वाटेल. २०१५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन विद्यापीठातून ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचा पुतळा हटवला गेला, तेव्हापासून ज्या मागणीने जोर धरला ती अभ्यासक्रमाची आहे: कोणाचे ग्रंथ वाचायचे, कोणत्या भाषेत शिकवायचे, कोणते ज्ञान ‘शास्त्र’ म्हणून मोजायचे. म्हणून मी ‘वसाहती पगडा दूर करणे’ सुचवतो. ‘पगडा’ हा शब्द मनावरची पकड सांगतो, आणि इथे तेच सांगायचे आहे.

‘इंडिजिनायझिंग’ची गोष्ट जास्त नाजूक आहे. १९७१ मध्ये समाजकार्य शिक्षणासाठी आफ्रिकेतील संस्थांची संघटना स्थापन झाली. तिचे मुख्यालय इथिओपियात, अदीस अबाबाला होते. ब्रिटन-अमेरिकेच्या पाठ्यपुस्तकांऐवजी आफ्रिकेतले व्यक्तिअभ्यास आणि अध्यापन साहित्य तयार करणे हे तिचे मोठे काम. पण ‘इंडिजिनायझेशन’ या शब्दावर पुढे आक्षेप आला: परदेशी साचा तसाच ठेवून वरून स्थानिक रंग द्यायचा, एवढाच अर्थ त्यातून निघतो. १९८८ मध्ये वॉल्टन आणि अबो एल नस्र या अभ्यासकांनी इजिप्तच्या संदर्भात दुसरी संकल्पना पुढे ठेवली, ‘ऑथेंटायझेशन’, म्हणजे आपल्याच मुळांतून अस्सल उभारणी. अरबीत तिला ‘तासील’ म्हणतात. त्याचा धातू ‘अस्ल’, म्हणजे मूळ. आपला ‘अस्सल’ तिथूनच आला आहे. समाजकार्याचे अभ्यासक क्वाकू ओसेई-ह्वेदी यांनीही १९९३ मध्ये सुरुवात आतून व्हावी, असे मांडले. म्हणून लेखकाला कोणता अर्थ हवा आहे ते मजकुरात शोधा. बाहेरचे जुळवून घेणे असेल तर ‘देशीकरण’ ठीक. मुळापासून उभारणी असेल तर ‘देशी पायावर उभारणी’.

‘स्वदेशीकरण’ टाळा. आपल्याकडे तो शब्द बहिष्काराशी आणि मालाशी बांधलेला आहे. ‘आफ्रिकीकरण’ही नको. स्वातंत्र्यानंतर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या जागी आफ्रिकी नेमण्याला तो शब्द वापरला गेला. ‘मूलनिवासी’ तर अजिबात नको. महाराष्ट्रात त्याला स्वतंत्र राजकीय अर्थ आहे. शिवाय आफ्रिकेत ‘इंडिजिनस पीपल्स’ म्हणताना बहुधा सान यांच्यासारखे लहान समूह अभिप्रेत असतात, आणि इथे विषय साऱ्या समाजाच्या ज्ञानाचा आहे.

खरी चूक मात्र शीर्षकात होत नाही, ती नात्यांच्या शब्दांत होते. झिम्बाब्वेत शोना कुटुंबात मुलीच्या लग्नाबद्दल, संसारातल्या तंट्याबद्दल बोलायचा परंपरेने मान ‘तेते’चा. इंग्रजीत ती ‘आँट’ होते, आणि भाषांतरकार ‘काकू’ किंवा ‘मावशी’ लिहून मोकळा होतो. ती बापाची बहीण आहे, म्हणजे आत्या. ‘सेकुरू’ म्हणजे आजोबा, पण आईच्या भावालाही तोच शब्द, तेव्हा संदर्भ पाहून ‘मामा’. हे बिघडले की युक्तिवादच कोसळतो. बंद खोलीत एक कार्यकर्ता आणि एक अशील, ही आयात केलेली व्यक्तिसहाय्याची पद्धत जिथे अपुरी पडते, तिथे सल्ला देणारी व्यक्ती घरात आधीच ठरलेली असते, हे दाखवायचे असते. इंग्रजीपेक्षा मराठीत ते नेमके सांगता येते, ती संधी दवडू नका.

‘उबुंटू’ तसाच ठेवा, ‘मानवता’ करू नका. झुलू म्हण आहे, ‘उमुंटू न्गुमुंटू न्गाबांटू’: माणूस माणसांमुळे माणूस होतो. शोनात हाच विचार ‘उन्हू’ किंवा ‘हुन्हू’, स्वाहिलीत ‘उतू’. सगळे बांटू भाषांतले, म्हणजे मध्य, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका भाषासमूहातले शब्द आहेत. त्यामुळे इजिप्त किंवा इथिओपियाबद्दलच्या परिच्छेदात लेखकाने स्वतः वापरला नसेल, तर आपल्या पदरचा ‘उबुंटू’ घालू नये.

शीर्षक असे करता येईल: ‘आफ्रिकी विद्यापीठांतील समाजकार्य शिक्षण: वसाहती पगडा आणि देशी पाया’. मजकुरात मात्र क्रियापदे उलगडूनच लिहा. ‘अभ्यासक्रमाचे वसाहती पगडामुक्तीकरण’ असली लांबलचक नामे एका परिच्छेदात तीनदा आली की वाचक तिथेच थांबतो.