बाप्तिस्म्यानंतरही तीच चूक होतीय? मग हे वाच

भावा, बाप्तिस्मा (ख्रिस्ती विश्वासात यायचा पाण्याचा विधी) झाला की दारू त्याच दिवशी सुटणार असं तुला कुणी सांगितलं माहीत नाही, पण सगळ्यांचं तसं होत नसतंय. परत पडलास म्हणून लाजून रविवारची उपासना चुकवू नको, खरा घोळ तिथंच होतोय, माणूस आधी स्वतःला सुधारून मग देवाकडं जायला बघतोय आणि ते काय जमत नाही. बायबलात १ योहान १:९ बघ, पापं पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर क्षमा करायला देव विश्वासू आहे, म्हणजे भरवसा त्याच्यावर, आपल्या रडण्यावर नाही. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३ रा अध्याय तर वाचच, बेइमान झालेल्या बायकोवर परत प्रेम कर म्हणून देव होशेयला सांगतोय आणि होशेय तिला चांदी नि जव मोजून सोडवून आणतोय! आता क्षमा आहेच तर पाप करत राहू म्हणणारे पण भेटतील, त्यांना प्रेषित पौलानं रोमकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात चांगलंच झापलंय.

बाकी सात रस्ता चौकाकडनं घरी येताना बार लागत असेल तर रस्ताच बदल, लांब पडला तरी पडू दे. चर्चच्या मंडळीतल्या एकाच वडीलधाऱ्याला खरं सांगून ठेव, ग्रुपवर टाकत बसू नको. हात थरथरायला लागले तर डॉक्टरला पण दाखव, त्यानं विश्वास कमी होत नाही.