पीएफएमईए भरायला बसण्याआधी

पीएफएमईए म्हणजे उत्पादनाच्या प्रक्रियेत कुठे काय चुकू शकतं, का आणि त्याचा परिणाम काय, याचा तक्ता. तो भरण्याआधी उत्पादनाच्या लाइनवर जाऊन उभा राहा, जमलं तर रात्रपाळीला. रिवर्कचे, म्हणजे दुरुस्त केलेले, पार्ट परत नेमके कुठे घुसतात, शिफ्ट बदलताना अर्धवट राहिलेल्या ट्रेचं काय होतं, हे फ्लो चार्टमध्ये सहसा नसतंच, आणि घोटाळे बहुतेक तिथेच होतात. कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरची चूक’ लिहून मोकळा होऊ नकोस. फिक्स्चरमध्ये, म्हणजे पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्यात, पार्ट उलटा बसतोच कसा, ते लिही. नुसत्या आरपीएनवर, म्हणजे दोषाची तीव्रता, वारंवारता आणि शोध लागण्यातली अडचण यांना १ ते १० गुण देऊन केलेल्या गुणाकारावर, तर अजिबात विसंबू नकोस. तीव्रता १०, वारंवारता २, शोध २ यांचा गुणाकार ४०. तीव्रता ४ आणि बाकी दोन्ही ५ धरले तर १००. जिवावर बेतणारा दोष मात्र पहिला! म्हणूनच २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योगाच्या संघटना) हँडबुकने आरपीएनऐवजी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आणली, म्हणजे तीव्रतेला आधी महत्त्व देऊन ठरवलेला उपायांचा अग्रक्रम. कंट्रोल प्लॅनही (प्रक्रियेत काय, कसं तपासायचं याचा आराखडा) लगेच सुधार, ऑडिटच्या आदल्या रात्री नको.