प्रिव्ह्यूची लिंक पाठवण्याआधी

पहिला सिनेमा लागतोय, मनापासून आनंद झाला. पण प्रदर्शनाआधी सिनेमा बघायची प्रिव्ह्यू लिंक सगळ्यांना एकच पाठवू नकोस. सबटायटल करणारा, वितरक, पत्रकार, ज्याच्याकडे कॉपी जाईल त्याचं नाव आणि तारीख पडद्याच्या मधोमध फिकट अक्षरांत उमटव. कोपऱ्यात नको, कोपरा कापून टाकतात.

आमच्या एका सिनेमाची कॉपी शनिवारी सकाळीच टेलिग्रामवर फिरायला लागली. असा नाव-तारखेचा वॉटरमार्क नव्हता, त्यामुळे ती कुठून फुटली ते आजवर कळलेलं नाही. सोमवारी शो उतरले. दोन वर्षांची मेहनत होती रे ती, आणि लाइटमनचे पैसेही त्याच गल्ल्यातून द्यायचे होते.

कायदा आता कडक आहे. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनुसार थिएटरात चोरून चित्रीकरण केलं तर किमान ३ महिने कैद आणि ३ लाख रुपये दंड. कैद ३ वर्षांपर्यंत जाऊ शकते, दंड निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. पण खटला चालेपर्यंत तुझा सिनेमा उतरलेला असेल. म्हणून कॉपी फुटलीच तर आधी चोरीच्या लिंक बंद करायच्या मागे लाग. कॉपीराइट नियमांप्रमाणे लेखी तक्रार केली की प्लॅटफॉर्मने ३६ तासांत लिंक रोखायची असते. मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाहीस, तर ती पुन्हा सुरू होऊ शकते. वकील आत्ताच ठरव. तक्रारीसाठी सेन्सॉर सर्टिफिकेट आणि हक्कांचे करार एका फोल्डरमध्ये ठेव, आणि स्क्रीनशॉट घेताना लिंकचा पूर्ण पत्ता नि वेळ दिसू दे.