मानवी तस्करीच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रं कशी मांडतात?

पत्रकारितेच्या प्रकल्पासाठी विचारताय म्हणून पुस्तकी उत्तर देत नाही. मी एका जिल्हा दैनिकात नऊ वर्षं रात्रपाळीचा उपसंपादक होतो, तिथलं सांगतो.

अशी बातमी आमच्याकडे यायची ती पोलिसांच्या प्रेसनोटमधून, बहुतेकदा रात्री दहानंतर. साचा ठरलेला. गोपनीय माहिती मिळाली, बनावट ग्राहक पाठवला, खात्री पटताच छापा, दलाल ताब्यात, इतक्या महिलांची सुटका, इतका मुद्देमाल जप्त. शेवटी अधिकाऱ्यांच्या नावांची रांग, ती मात्र कापायची नाही. वर आम्ही ‘सेक्स रॅकेटचा पर्दाफाश’ चढवायचो. लॉज जरा बरा असला की ‘हायप्रोफाइल’. मीही चढवलंय.

फोटोही ठरलेलाच: ओढणीने तोंड गुंडाळून खाली बसलेल्या बायका, मागे छाती काढून उभं पथक. एकदा त्यातल्या एकीच्या मनगटावर गोंदलेलं नाव स्वच्छ वाचता येत होतं. चेहरे झाकलेत ना, एवढंच बघून मी पान सोडलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या वार्ताहराचा फोन आला, गावात ओळखलं म्हणून. अल्पवयीन मुलीची ओळख पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम 23 नुसार छापता येत नाही, हे डेस्कवर सगळ्यांना पाठ असतं. पण छाप्यात सापडलेल्या प्रौढ बाईची ओळखही उघड होऊ देऊ नका, असं सुप्रीम कोर्टाने मे 2022 मध्ये माध्यमांना बजावलंय, ते फारसं कुणाच्या लक्षात नाही.

आता ‘सुटका’ हा शब्द बघा. त्याच वाक्यात पुढे असतं, ‘सुधारगृहात रवानगी’. सुटका झालेल्या माणसाची रवानगी कशी काय होते? पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 17 खाली चौकशीनंतर मॅजिस्ट्रेट तिला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतात. तिला कुणी आणलं, किती पैशांत आणलं, की ती आपणहून या धंद्यात होती, हे पुढे उलगडायचं असतं. बातमी मात्र छाप्याच्या रात्रीच संपलेली असते. त्यात ती बांगलादेशातून आलेली निघाली, तर पीडित राहतच नाही. मथळ्यात ‘घुसखोर’ होते.

माझ्या मते खरी गफलत याहून मोठी आहे. पेपरात तस्करी म्हणजे देहविक्रय, बस्स. कायदा तसं म्हणत नाही. 2013 साली सुधारलेल्या भारतीय दंड विधानाच्या कलम 370 मध्ये गुलामीसदृश राबवणूक होती, जबरदस्तीने अवयव काढणंही होतं. आता त्या दंड विधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये भीक मागायला लावणंही आलं. पीडिताची संमती होती की नव्हती, याला तिथे किंमत नाही. पण 2022 साली इगतपुरी तालुक्यातली कातकरी पोरं मेंढ्यांमागे राबायला नेल्याचं एका मुलीच्या मृत्यूनंतर उघड झालं, तेव्हा अनेक मथळ्यांत शब्द होता ‘विक्री’. म्हणजे गुन्हेगार कोण, तर काही हजार रुपये नि एक मेंढी घेणारे आईबाप. पोलिसांनी गुन्हे वेठबिगारीचे नोंदवले होते. म्यानमार-कंबोडियात सायबर ठगीसाठी डांबलेल्या पोरांचंही तसंच. ती बातमी ‘नोकरीच्या आमिषाने फसवणूक’ या खात्यात जाते.

ऊसतोडीच्या हंगामात तर गंमतच. ‘उचल (म्हणजे हंगामाआधी दिलेले आगाऊ पैसे) घेऊन मजूर आलेच नाहीत, लाखोंचा गंडा’ ही बातमी आम्ही कितीदा लावली असेल! फिर्याद द्यायला पोलीस ठाण्यात येतो तो उचल देणारा. उचलीपायी फडावर अडकून पडलेलं जोडपं कुठलं ठाण्यात येतंय? प्रेसनोट नाही, म्हणून बातमी नाही.

प्रकल्पासाठी एक करा. एखाद्या दैनिकातल्या छाप्याच्या दहा बातम्या काढा आणि त्या खटल्यांचं पुढे काय झालं, ते त्याच दैनिकात शोधा. नऊ वर्षांत अशा निकालाची बातमी मी दोनदा लावली. दोन्ही आतल्या पानावर, सिंगल कॉलम.