बीटा-१ आणि बीटा-२ रिसेप्टरांची तुलना करताना

रिसेप्टर म्हणजे पेशीबाहेरचा संदेश आत पोचवणारं प्रथिन. अशा दोघांची तुलना करताना अमिनो आम्लांच्या पूर्ण साखळीचं साम्य किती टक्के, एवढा आकडा काढून थांबू नकोस. अॅड्रेनालिनच्या बीटा-१ आणि बीटा-२ रिसेप्टरांत अमिनो आम्लं ढोबळमानाने निम्मी जुळतात, पण अॅड्रेनालिन बसतं तो खळगा दोन्हींत जवळजवळ सारखाच. मग दम्यावरचं साल्मेटेरॉल बीटा-२लाच का पकडतं? त्याची लांब शेपटी खळग्याच्या तोंडाशी, पेशीबाहेरच्या बाजूला अडकते, आणि तिथली अमिनो आम्लं दोघांत वेगळी आहेत. म्हणून आधी भाग पाड, मग मोज.

हे दोघे ज्यातले, ते जी-प्रोटीनशी (पेशीच्या आत संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनाशी) जोडलेल्या रिसेप्टरांचं कुटुंब माणसात सुमारे ८०० जणांचं आहे. एवढ्या गोतावळ्यात साखळीतला नुसता क्रमांक उपयोगाचा नाही. बॅलेस्टेरोस-वाइनस्टाइन क्रमांक वापर. प्रत्येक हेलिक्समधल्या (पेशीच्या आवरणातून आरपार जाणाऱ्या साखळीच्या पिळदार तुकड्यामधल्या), कुटुंबभर सर्वाधिक टिकून राहिलेल्या अमिनो आम्लाला ५० धरतात. तिसऱ्या हेलिक्समध्ये ते अर्जिनिन: बीटा-२मध्ये १३१वं, डोपामिन डी-२मध्ये १३२वं. तिथून १८ घरं मागे गेलास की ११३ आणि ११४वर अॅस्पार्टेट सापडतं. दोन्हींची जागा एकच, ३.३२ (तिसरा हेलिक्स, ५० वजा १८), आणि अॅड्रेनालिन असो वा डोपामिन, त्याचा धनभारित नायट्रोजन तिथेच धरला जातो. हे मला आजही फार सुंदर वाटतं!

रिसेप्टरची त्रिमितीय रचना उघडताना ती कोणत्या प्राण्याची ते बघ. बीटा-१ची २००८ची रचना टर्की पक्ष्याची आहे, माणसाची नव्हे. आणि पेशीच्या आतल्या बाजूचा तिसरा लूप (हेलिक्स जोडणारा साखळीचा वळसा) ओढूनताणून जुळवू नकोस. त्याची लांबीच प्रत्येकात वेगळी असते. तो भाग सरळ वगळ.