तीन प्रवेशांची भूमिका आणि थेल्मा रिटर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नव्या नाटकात तुला धुणंभांडी करणाऱ्या बाईची भूमिका आलीय, सगळे मिळून तीन प्रवेश आहेत, आणि एकदा हे केलं की जन्मभर हेच वाट्याला येईल अशी तुला धास्ती वाटतेय. घ्यायचं की सोडायचं ते तुझं तू ठरव. त्याआधी मात्र थेल्मा रिटर या अमेरिकन नटीचं काम नीट बसून बघ. मी तालमीत जे शिकवू शकत नाही ते तिच्याकडे आहे.

थेल्मा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली. अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये शिकली, नाटकमंडळ्यांमधून कामं केली. 1927 साली जोसेफ मोरानशी लग्न झालं. तोही नट होता, पण पुढे जाहिरातीच्या धंद्यात शिरला. दोन मुलं झाली, रंगभूमी मागे पडली आणि चाळीसच्या दशकात ती रेडिओवर परतली. सिनेमात आली तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. तू पंचविशीत ‘उशीर झाला’ म्हणतेस म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पहिलं काम 1947 च्या ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’मधलं. श्रेयनामावलीत नावसुद्धा नाही. नाताळची गर्दी, मेसीजचं मोठं दुकान, पोराला हवा असलेला खेळण्यातला आगीचा बंब शोधून शोधून मेटाकुटीला आलेली आई. दुकानातला सांताक्लॉज पोराला तो बंब कबूल करून बसतो. हिचा पारा चढतो, कारण कुठेच मिळत नाही हे तिला ठाऊक आहे. मग तो तिला चक्क दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो. इथे तिचा चेहरा बघ. आनंद लगेच होत नाही. आधी संशय येतो, गिऱ्हाइकाला दुसरीकडे पाठवणारं दुकान असतं का कुठे! मग ती जाऊन तिथल्या अधिकाऱ्याला सांगते की आता मी कायमची मेसीजची गिऱ्हाईक. संपली भूमिका. ही बाई सकाळपासून किती दुकानं फिरलीय ते कुणी सांगत नाही, पण तुला ते कळतं.

दोन वर्षांनी दिग्दर्शक जोसेफ मॅन्कीविझनं तिला ‘अ लेटर टू थ्री वाइव्ह्ज’मध्ये घेतलं, तेही विनाश्रेय. त्यानंच 1950 मध्ये ‘ऑल अबाउट ईव्ह’मध्ये तिला बर्डी दिली. बेटी डेव्हिस त्यात रंगभूमीवरची मोठी नटी, आणि बर्डी तिची कपडेपट सांभाळणारी, जुनी खेळतमाशे केलेली बाई. गोड बोलणारी ईव्ह आपली कर्मकहाणी सांगते आणि खोलीतले सगळे विरघळतात. बर्डीही ऐकते. पण ती रंगमंचावर वावरलेली आहे, दुसऱ्याचा अभिनय तिला कळतो. ईव्हचा डाव तिला सगळ्यांच्या आधी कळतो, आणि मालकिणीनं विचारल्यावर ती तोंडावर सांगून मोकळी होते. गंमत अशी की अर्ध्या सिनेमानंतर बर्डी जवळजवळ दिसतच नाही. तरी पुढे ईव्ह जे जे करते, त्याकडे प्रेक्षक बर्डीच्याच नजरेनं बघतो. ऑस्करचं पहिलं नामांकन तिला याच कामाला मिळालं.

आता ‘रिअर विंडो’. 1954 चा हिचकॉकचा सिनेमा. जेम्स स्टुअर्टचा पाय प्लास्टरमध्ये, आणि थेल्मा म्हणजे विमा कंपनीकडून त्याच्याकडे येणारी नर्स स्टेला. ती येते ती बोलत आणि काम करतच. थर्मामीटर त्याच्या तोंडात खुपसते, म्हणजे त्याचं तोंड बंद आणि हिचं चालू. पाठ रगडता रगडता त्याला लग्नावरून सुनावते. पुढे एकदा त्याच्यापुढे नाश्ता ठेवते आणि समोरच्या घरात खून झाला असेल तर त्या माणसानं प्रेताचे तुकडे कुठे केले असतील, रक्त कुठे धुतलं असेल, याची मोठ्यानं चर्चा करते. त्याच्या घशाखाली घास उतरेना. हशा तिथे हमखास मिळतो, पण तिचं लक्ष हशाकडे नाही. तिला खरोखरच तो प्रश्न पडलाय. हे मी तुला तालमीत पुन्हा पुन्हा सांगते, ते हेच. तू वाक्य टाकतेस आणि प्रेक्षकांकडे कान लावतेस. हात मोकळे लोंबत असतात. तुझ्या बाईला भांडी घासायची आहेत ना? मग पुढचं घर गाठायचंय म्हणून ती घाईत असेल, मालकीण बोलत असताना तिचा एक डोळा घड्याळावर असेल. वाक्यं त्या कामाच्या ओघात येऊ देत. लेखकानं तिला तीन प्रवेश दिलेत, पण तिच्या लेखी ती दिवसभर जगतेय आणि मालकिणीची गोष्ट हीच मधली लुडबुड आहे.

सगळ्यात आधी मात्र ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’ बघ, 1953 चा, दिग्दर्शक सॅम्युएल फुलरचा. यात ती मो. गळ्यातले टाय विकत फिरणारी म्हातारी, आणि जोडधंदा म्हणून पोलिसांना खबरी विकणारी. पोलिस कचेरीत ती खबरीच्या भावावरून घासाघीस करते ते बघण्यासारखं आहे, बाजारात भाजीचा भाव करावा तितकं सरळ. पैसे साठवते कशासाठी? बेवारशांच्या दफनभूमीत जायला लागू नये, स्वतःची जागा आणि नावाचा दगड असावा, एवढ्यासाठी. ज्या पाकीटमाराचं नाव तिनं पोलिसांना विकलं त्याच्यावर तिची माया आहे, आणि त्यालाही तिचा राग नाही, कारण बाईला पोट आहे. पण मारेकरी येऊन त्याचाच पत्ता मागतो तेव्हा ती विकत नाही.

तो प्रवेश. रात्री ती थकून खोलीवर येते, ग्रामोफोन लावते, पलंगावर टेकते. तो माणूस आत आलेला. ती ओरडत नाही, गयावया करत नाही. आपण किती दमलोय ते सांगते, चावी संपत आलेल्या जुन्या घड्याळासारखी, आणि शेवटी त्याला म्हणते की मारलंस तर उपकारच होतील. आवाज कुठेही चढत नाही. कॅमेरा तिच्यावरून ग्रामोफोनकडे वळतो आणि गोळी ऐकू येते. तिथे रडून दाखवायची संधी होती. तिनं घेतली नाही. दिवसभर पायपीट केलेल्या बाईला रडायचंही त्राण नसतं, हे तिनं धरून ठेवलं.

आता तुझ्या धास्तीबद्दल. हो, साचा बसतो. थेल्माला आयुष्यभर मोलकरणी, नर्सेस, आया, शेजारणीच मिळाल्या. ‘द मेटिंग सीझन’मध्ये ती सुनेच्या घरी स्वयंपाकीण बनून राहणारी सासू आहे, सिनेमा तिच्यावरच उभा आहे, तरी नाव चौथं आणि नामांकन सहायक भूमिकेचं. अशी सहा नामांकनं झाली, 1950 ते 1962 या काळात, आणि ऑस्कर एकदाही नाही. 1955 च्या सोहळ्याचं न्यूयॉर्कमधलं सूत्रसंचालन मात्र तिनं केलं. हा अन्यायच होता असं माझं मत आहे, मोसाठी तर नक्कीच. मानाचं पारितोषिक आलं ते रंगभूमीकडून. ‘न्यू गर्ल इन टाउन’ या संगीत नाटकातल्या धक्क्यावरच्या दारुड्या म्हातारीसाठी 1958 चा टोनी तिला मिळाला, तोही प्रमुख अभिनेत्रीचा, त्याच नाटकातल्या ग्वेन व्हर्डनबरोबर विभागून.

साच्यातही ती एकसारखी नाही, हे तू ताडून बघ. ‘पिलो टॉक’मधली मोलकरीण पिण्यात नायक रॉक हडसनला आडवा करते. आणि 1962 चा ‘बर्डमन ऑफ अल्कट्राझ’ लावलास तर तोच किनरा, घासलेला आवाज अंगावर येतो. तुरुंगातल्या मुलाची आई आहे ती. त्याच्यासाठी दारोदार फिरते, फाशी टळावी म्हणून जिवाचं रान करते, आणि त्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली की त्याच्यावरच उलटते. एक विनोद नाही. त्यात ती हातांचं काय करते ते टिपून ठेव आणि मला लिही. पुढच्या आठवड्यात मी गावी आहे, तेव्हा पत्र तिकडच्या पत्त्यावर टाक.

तुझी,
ताई